मोडला तर बरा

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि दोनदा मोजलं. प्रथिनाच्या थेंबात तीन लखलखीत स्फटिक बसले होते.

बाईंचं प्रथिन भारी नाजूक. जरा ऊब लागली की त्याची घडी विस्कटायची. त्यात थोडा बदल करून बाईंनी ते टिकाऊ केलं होतं आणि त्याची रचना क्ष-किरणांनी पाहता यावी म्हणून थंड खोलीत स्वेटर घालून त्या त्याचे स्फटिक वाढवत होत्या. मागच्या खेपेला असाच स्फटिक दिसला, तेव्हा त्यांनी आनंदाने सगळ्या प्रयोगशाळेला चहा पाजला. निघालं साधं मीठ! "पुन्हा मीठ निघालं तर हे काम बंद," असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तेव्हाच बजावलं होतं.

"ताई, चहा सांगू की आधी चाखून बघू?" शेजारच्या टेबलावरची धाकटी सहकारी म्हणाली.

"गप बस गं. सुई दे."

मिठाचा खडा सुईला दाद देत नाही. प्रथिनाचा स्फटिक पाण्याने भरलेला, तो जरा दाबला की चुरतो. म्हणजे जिवापाड जपलेलं आपल्याच हाताने मोडायचं, आणि ते मोडावं म्हणून देवाला साकडं घालायचं!

बाईंनी श्वास रोखून एका स्फटिकावर सुई टेकवली. तो मुकाट्याने चुरला.

"मोडला गं, मोडला!"

सर धावत आले. "काय मोडलं? मशीन?"

"नाही सर, स्फटिक!"

सर हसले. "मग उरलेले दोन सांभाळा. चहा माझ्याकडून."

बाईंनी स्वेटरच्या बाह्या सावरल्या आणि उरलेले दोन पुन्हा मोजून घेतले.