समुद्र भरलेली छागल

मले पाहून तुम्ही म्हणाल, हे मळकं पोतं खुंटीले काऊन टांगून ठेवलं? मित्रांनो, मी पोतं नाई. मी एक जुनी छागल आहो. जाड कापडाची, लाकडी बुचाची पाण्याची पिशवी. वर्ध्याच्या बाजारात मले शिवलं, अन् सेलूच्या रूपरावानं जीपच्या समोर बांधायले घेतलं.

उन्हाळ्यात जीप धावे, गरम वाऱ्याची झाक माह्या ओल्या अंगाले लागे, अंग सुके अन् पोटातलं पाणी गार होये. किती गार? तळेगावच्या एका बैलानं माह्यातलं पाणी पेलं, त त्याले भर वैशाखात सर्दी झाली. दोन गावं ऐकू जाईन अशा शिंका देत तो वखर ओढे. खोटं वाटते त बैलाले विचारा.

रूपरावाची बायको जयवंता. अठ्ठ्याहत्तर साली तिच्या पोटाच्या आजारापुढं नागपूरच्या डॉक्टरनं हात टेकले. आता तिच्या मनात असन ते करा, म्हणाला. खाल्लेलं टिकत नव्हतं. माह्यातलं गार पाणी तेवढं घोट घोट उतरे. तिनं समुद्र मांगितला. तिथं मोठाले मासे उड्या मारतात, ते पाहाचे म्हणे.

मुक्काम करत करत आम्ही कोकणात हर्णैले पोहचलो. रूपरावानं वाळूवर चादर अंथरली, तिले जीपच्या चाकाले टेकवून बसवलं. लाल खेकडे बिळातून निघून तिरपे पळाले. ती म्हणाली, "तुमचे मामाजी सावकाराले पाहून असेच जातात." रूपराव कितीक महिन्यांनी हसला.

एका कोळणीनं बोट दाखवलं. तिकडे गादे येतात, म्हणे. गादा म्हणजे डॉल्फिन. काळीभोर पाठ पाण्यातून वर आली, चमकली, गेली. मग दुसरी. जयवंता गुडघ्यावर उठून बसली. रूपराव नेमका तिथं पाहे, जिथून मासा आताच गेलेला.

"तुम्हाले जिंदगीत वेळेवर काही दिसलं नाई," ती म्हणाली.

"तू दिसली ना."

"तेही तुमच्या मायनं दाखवली तवा."

मग तिनं पाणी मांगितलं. मित्रांनो, माही फजिती तिथंच झाली. समुद्राची हवा ओली. माहं अंग सुकेच ना. अंग सुकल्याशिवाय गारवा कुठून आणू? "कोमट आहे," ती म्हणाली, अन् बूच लावून दिलं.

निघताना ती म्हणाली, समुद्र थोडा घरी नेऊ. आपल्याकडं गंगेहून कोणी रिकामं येत नाई, मग समुद्राहून कसं यावं? माह्याशिवाय दुसरं भांडं नव्हतं. रूपरावानं माह्यातलं गोड पाणी वाळूवर ओतलं अन् समुद्र भरला. मीठ कापडात जाऊन बसते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाई. मी लय ओरडली. छागलीचं कोण ऐकते?

घाट चढून वर आलो. हवा कोरडी झाली, झाका सुरू झाल्या, अन् माह्या पोटातला समुद्र गारेगार झाला. तिनं पाणी मांगितलं. रूपराव उतरला, बूच काढलं, अन् तसाच उभा राह्यला.

समुद्र रस्त्याच्या कडेले गेला. एका विहिरीवर त्यानं मले घासून धुतलं, भरलं. ती घोट घेऊन थांबली. "अजून समुद्रच आहे यात," म्हणाली अन् थुंकून दिलं. पुढच्या विहिरीवर पुन्हा धुतलं. तरी खारंच. हॉटेलातलं पाणी पाजलं, ते उलटून पडलं. मग तिनं मले नुसतं गालाशी धरून ठेवलं. पुलगावचा पूल आला. त्याच्यापुढं तिनं पाणी मांगितलंच नाई. सेलूले जीप पोहचली तवा ती गेलती.

रूपरावानं मले पवनारले नेलं. धाम नदीच्या धारेत दगडाखाली दाबून ठेवलं, काढलं, चाखलं, पुन्हा ठेवलं. एक दिवस पाणी गोड लागलं. गारही होतं. त्यानं ते तिथंच ओतलं अन् घरी आणून मले इथं टांगलं. पुढं जीपही इकली. मले कोणी इकत घेतलं नाई, अन् कोणी भरलंही नाई. आता शिवण उसवली, अंग उंदरांनी खाल्लं.

मित्रांनो, मी काही आता कोणाच्या कामी येत नाई. पण तुमच्या घरी कोणी आजारी असन, त त्याच्या पाण्याचं भांडं दुसऱ्या कशासाठी रिकामं करू नका. समुद्रासाठीही नाई.