तेवीस दिवसांचा पाऊस

"माय, हे सगळं बाबानं एकाच दिवशी बसून लिवलं. खरं सांग मले."

मंजुषाने लॅपटॉप ओसरीवरच्या खाटेवर टेकवला आणि आईकडे वळवला. प्रयागबाई मांडीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होत्या. पडद्यावर एका जुन्या वहीचं पान होतं. जुलै महिना, साल नव्व्याण्णव. त्या पानाकडे त्यांनी असं पाहिलं, जसं कोणी लग्नाचा फोटो पाहावा. वाचता त्यांना येत नव्हतं, पण नवऱ्याचं अक्षर त्या आकड्यांच्या गर्दीतूनही ओळखत.

"त्यायचंच हाय," त्या म्हणाल्या. "हिरवी शाई. थो पेन पुन्याहून आनला होता त्यायनं."

"तेच म्हनतो मी. नऊ तारखेपासून एकतीसपर्यंत सगळं हिरवं. पुन्याहून आल्यावर लिवलं. मंग त्या तेवीस दिवसांचा पाऊस कोनं मोजला?"

प्रयागबाईंनी डाळीतला एक खडा उचलला, अंगणात फेकला आणि दुसरा शोधायला लागल्या.

मंजुषाचं कामही तसं हेच होतं. गेली एकोणीस वर्षं ती पुण्याच्या एका हवामान संशोधन संस्थेत पावसाच्या जुन्या नोंदी निवडत होती. गावोगावच्या वह्या संगणकात उतरवलेल्या असत, त्यातले खडे ती शोधून काढी. कुठे बारा मिलिमीटरचे कारकुनाच्या घाईत एकशेवीस झालेले असत. काही गावांत वर्षानुवर्षं रविवारी पाऊसच पडत नसे, सोमवारी मात्र दुप्पट पडे. पावसालासुद्धा सरकारी सुट्टी. असं काही सापडलं की मंजुषा ते निर्दयपणे बाहेर काढी. संस्थेत गमतीने म्हणत, मॅडमच्या सुपातून उरला तोच दाणा खरा. टीव्हीवर हवामान सांगायला साहेब जात, परदेशी परिषदांना तरुण मुलं जात, आणि मंजुषा एका प्रकल्पाचं कंत्राट संपलं की दुसऱ्यावर, असं करत चव्वेचाळीस वर्षांची झाली होती. तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते दुसऱ्याच गोष्टीचं, पण ते पुढे येईल.

कामरगावची नोंद हा तिचा लपवलेला अभिमान होता. तिचे वडील रामराव गावचे कोतवाल. घराला लागून असलेल्या सरकारी आवारात पर्जन्यमापक होता, आणि रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजपात्रात ओतून आकडा लिहिणं हे त्यांचं काम. मोजपात्र म्हणजे अंगावर रेघा असलेलं काचेचं उभं भांडं. रामरावांच्या वहीत रविवार नव्हता, दिवाळी नव्हती, सख्ख्या भावाच्या मयतीचा दिवससुद्धा कोरा नव्हता. एकतीस वर्षांची सलग नोंद. त्या सगळ्या पट्ट्यात एवढी लांब आणि एवढी स्वच्छ नोंद दुसरी नव्हती. पाऊस कसा बदलत गेला हे सांगणारा मंजुषाचा नवा अभ्यास याच नोंदीच्या आधारावर उभा होता.

आणि परवा तिच्या हाताखालची संस्कृती नावाची मुलगी वहीची छायाचित्रं घेऊन आली. "मॅडम, या कामरगावचे तेवीस दिवस खोटे वाटतात हो. एकच शाई, एकच बैठक. आणि बाकी सगळीकडे बारा पूर्णांक चार, तीन पूर्णांक आठ असं आहे. इथे मात्र सगळे पूर्ण आकडे. घरी बसून लिहिलंय यांनी." ही मॅडमच्याच वडिलांची वही आहे हे त्या बिचारीला ठाऊक नव्हतं. मंजुषाने पान पाहिलं. मुलगी बरोबर सांगत होती. नियमही मंजुषानेच केलेला होता. एक खोटा महिना सापडला की त्या माणसाच्या सगळ्याच वहीवर शंकेची खूण. सोमवारी साहेबांना निर्णय कळवायचा होता. आज शनिवार.

"माय, मी काय इचारून राह्यली?"

"आयकून राह्यली मी."

"बाबा तवा पुन्याले ट्रेनिंगले आलते. मले सांगतलं होतं त्यायनं. मंग इकडं कोन होतं?"

प्रयागबाईंनी सूप खाली ठेवलं. "ट्रेनिंग कायचं अन् काय! कोतवालाले कोन ट्रेनिंग देते वं पुन्यात?"

मंजुषा खाटेवरून उठून आईजवळ येऊन बसली.

"तुही चिठ्ठी आलती ना. मले घेऊन जा, इथं मले काहीच समजत नाही म्हनून. त्यायनं मले वाचून दाखोली अन् दुसऱ्या दिवशी निघाले. दोन दिवसात आनतो म्हने पोरीले. थे दोनाचे तेवीस झाले."

"रायले कुठी?"

"तुह्या होस्टेलजवळ खानावळ होती म्हने. तिथं कांदे चिरत अन् तिथंच पडत. तुले नको सांगू म्हने. पोरीले वाटीन आपल्यापायी बाप कांदे चिरते."

मंजुषा अठरा वर्षांची होती तेव्हा. कामरगावातून विज्ञान शिकायला पुण्याला गेलेली पहिली मुलगी, आणि वर्गात सगळं इंग्रजीत, भराभर. रोज संध्याकाळी सहाला बाबा होस्टेलच्या फाटकाशी उभे असत, इस्त्रीचा सदरा घालून, हातात फुटाण्यांची पुडी. ती म्हणे, "मले घेऊन चाला." ते म्हणत, "उद्या पाहू." इतकंच. ना समजावणं, ना रागावणं. उद्या पाहू, उद्या पाहू करत तेवीस दिवस गेले, आणि एका संध्याकाळी तीच म्हणाली, "बाबा, तुमी जा आता. मी राह्यतो." त्यांच्या बोटांना कांद्याचा वास येई. ट्रेनिंगच्या जेवणात कच्चा कांदा फार देतात वाटतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. पुढे सव्वीस वर्षं ती हवेतल्या कणाकणाचा हिशेब ठेवायला शिकली, पण त्या वासाचा अर्थ काही तिला लागला नव्हता.

तिने डोळे पुसले नाहीत. लॅपटॉपचं झाकण मात्र लावलं.

"मंग पाऊस?" तिने विचारलं. तिला आता उत्तराची भीती वाटत होती. बाप कितीही मोठा असो, आकडा खोटा असेल तर तो खोटाच होता.

"म्या मोजला," प्रयागबाई म्हणाल्या.

"तू? तुले त आकडा बी येत नाही."

"आकडा नाही येत, पानी त दिसते ना?"

त्या उठल्या. आतल्या खोलीत लोखंडी पेटीचं झाकण करकरलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात रामरावांच्या जुन्या सदऱ्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी गाठ सोडली. आत खराट्याच्या काड्या होत्या, लहानमोठ्या, जुनाट, काळपट पडलेल्या.

"जाताना त्यायनं शिकोलं मले. कारंज्याची एसटी घरासमोरून गेली का समज साडेआठ झाले. तवा जाय, पानी मोजपात्रात ओत, काडी बुडाले टेकव. जिथवर वली झाली तिथं मोड अन् ठेव. म्या तसंच केलं. आल्यावर त्यायनं एक एक काडी मोजपात्राले लावली अन् लिवलं. राती नाही लिवलं हो, सकाळच्या उजेडात लिवलं. उजेडात रेघ बराबर दिसते म्हने."

काड्यांना लाल दोऱ्याच्या गाठी होत्या. पहिल्या दिवसाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, आणि दहानंतर प्रयागबाईंनी वैतागून निळा दोरा घेतला होता. ज्या दिवशी मोजपात्र भरून पुन्हा ओतावं लागलं, त्या दिवसाच्या दोन काड्या एकत्र बांधलेल्या होत्या.

मंजुषाने कोनाड्यातलं मोजपात्र आणलं. लॅपटॉप पुन्हा उघडला. ओसरीच्या कडेला उजेडात बसून तिने पहिली काडी काचेला लावली. बारा. वहीत बारा. दुसरी, सात. वहीत सात. भरलेल्या मोजपात्राची एक वीसची काडी आणि एक अकराची, एकतीस. वहीत एकतीस. मोडलेल्या टोकावरून दशांश कुठून वाचता येणार? म्हणून पूर्ण आकडे. ती एकही ओळ सोडून पुढे गेली नाही. प्रयागबाई डाळ निवडायची सोडून तिच्या तोंडाकडे पाहत होत्या, निकालाच्या दिवशी पोराच्या तोंडाकडे पाहावं तसं.

मध्येच एक अख्खी काडी आली. वीतभरापेक्षा लांब, न मोडलेली.

"अन् हे?"

"त्या दिवशी पानीच नाही आलं. कोरडी निंगाली काडी. मंग मोडू कुठी?"

"मंग ठेवली कायले?"

"तुह्या बाबानं सांगतलं होतं. पानी नाही आलं त बी जा लागते. गेलं नाही त जागा कोरी राह्यते. गेलं, पाह्यलं, अन् नाही दिसलं, त शून्य. कोरं अन् शून्य एक नाही म्हने."

वहीत त्या तारखेला शून्य होतं. हिरवं, गोल, टोकाला टोक नीट जुळवलेलं. संस्थेतल्या नव्या पोरांना मंजुषा पहिल्या दिवशी हेच शिकवी. आपण हे पुस्तकात वाचलं असं तिला आजवर वाटत आलं होतं.

तेवीसच्या तेवीस दिवस जुळले. तिने तिथेच संस्कृतीला निरोप लिहिला. कामरगावची नोंद राहील. या तेवीस दिवसांपुढे शेरा लिही, अचूकता पूर्ण मिलिमीटरपर्यंत, निरीक्षक वेगळ्या. नाव प्रयागबाई रामराव. मग तिने आईला सांगितलं, "पास झाली तू, माय." प्रयागबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग काड्या पुन्हा त्या फडक्यात बांधू लागल्या.

"त्यायले सांगा लागत होतं हे," त्या म्हणाल्या.

रामराव जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या निवृत्तीनंतर आवारात आपोआप मोजणारं यंत्र आलं, जुना पर्जन्यमापक कोणीतरी भंगारात दिला. मोजपात्र तेवढं रामरावांनी मागून घरी आणलं होतं.

संध्याकाळी चहा पिताना मंजुषाने नेहमीचं पालुपद लावलं. "माय, चाल ना आता पुन्याले. एकटी कायले राह्यतं इथं?" खरं म्हणजे तिलाच एकटं वाटे. दिवसभर हजार गावांचा पाऊस पाहून ती रिकाम्या घराचं कुलूप उघडी, आणि तिला या ओसरीची, या तुरीच्या डाळीच्या वासाची अशी ओढ लागे की घास उतरत नसे. पण रविवारचा फोन मात्र कधी राहून जाई. एक रविवार, मग दुसरा.

"मी आली त इथं कोन पाहीन?"

"काय पाहाचं राह्यलं इथं?"

प्रयागबाईंनी तिला अंगणाच्या कोपऱ्यात नेलं. तिथे चार विटांवर वनस्पती तुपाचा जुना डबा ठेवला होता, वरचं तोंड कापलेला. मग आत येऊन त्यांनी पुन्हा लोखंडी पेटी उघडली. तिच्यात काड्यांच्या जुड्या होत्या. महिन्याची एक अशा, त्यांच्या जुन्या लुगड्याच्या काठांनी बांधलेल्या. रामरावांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या.

"तू इचारशीन कधी म्हनून ठेवल्या. कामी येतीन ना तुह्या?"

मंजुषाने एक जुडी हातात घेतली. डब्याचं तोंड मापाचं नव्हतं. वर लिंबाची फांदी होती. असला आकडा तिने कोणाकडूनही, कुठल्याही गावाचा घेतला नसता. एकोणीस वर्षांत तिने साहेबांनासुद्धा नाही म्हटलं होतं.

"येतीन, माय," ती म्हणाली.

जुडीत मोडक्या काड्या थोड्या होत्या. जास्त अख्ख्याच होत्या, लांब, कोरड्या. उन्हाळ्याच्या जुड्या तर नुसत्या खराट्यासारख्या. मंजुषाने त्या मोजायला घेतल्या आणि अर्ध्यावर थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीला निघाली. सव्वाआठची गाडी, कारंज्याहून पुढे पुण्याची. लहानपणापासून तिला स्टँडवर पोचवायला कधी कोणी आलं नव्हतं. इतर पोरींचे बाप खिडकीशी उभे राहत, आया डोळे पुसत, आणि तिचे बाबा वहीपाशी. त्याचं तिला फार वाईट वाटे. आजही प्रयागबाई अंगणातूनच म्हणाल्या, "जाय बाई, गाडी चुकीन," आणि तिच्या पिशवीत डाळीची पुडी कोंबली.

गाडी नेहमीप्रमाणे उशिरा सुटली. मंजुषाने डावीकडची खिडकी धरली होती. आठ दिवसांची उघडीप होती. आभाळ निळं, कोरडं, सोयाबीनच्या शेतांवर ऊन चढत होतं. गाडी घरासमोर आली तेव्हा घड्याळात बरोबर साडेआठ झाले होते.

गाडीचा आवाज ऐकून प्रयागबाई ओसरीवरून उठल्या. मंजुषाने खिडकीतून हात बाहेर काढला. पण प्रयागबाई रस्त्याकडे वळल्या नाहीत. त्या कोपऱ्यात गेल्या, डबा मोजपात्रावर वाकडा केला, झटकला, आणि काडी आत बुडाला टेकवली. मग ती वर काढून उजेडाकडे धरली आणि दोन्ही बाजूंनी फिरवून नीट पाहिली.