ग्रेपफ्रूटच्या पानावरची चौकट

'ओटफील्ड' मासिकात जाहिरात द्यायची असेल तर आधी वस्तू पाठवावी लागे. हा व्हर्नाचा नियम होता. मध असेल तर मध, हातजातं असेल तर हातजातं. व्हर्ना ती वस्तू आठवडाभर स्वतः वापरायची आणि मगच जाहिरात घ्यायची. एकदा ओहायोच्या एका माणसाने मोड आणायच्या बरण्या पाठवल्या, त्यांची झाकणं चार दिवसांत गंजली. व्हर्नाने बरण्या परत केल्या आणि सोबत चिठ्ठी लिहिली, 'झाकण बदला, मग या.' तो खरंच बदलून आला. पुढे नऊ वर्षं त्याची जाहिरात आमच्याकडे होती.

व्हर्ना क्लॉसर ही 'ओटफील्ड'ची संपादक आणि मालकीण. शाळेत मुलींना स्वयंपाक शिकवायची. नवरा बेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला, तेव्हा तिने त्याच्या ताटात काय काय होतं ते आठवून आठवून लिहून काढलं आणि त्याऐवजी काय वाढायला हवं होतं तेही लिहिलं. त्या चार पानांचं पुढे मासिक झालं; म्हणायला मासिक, निघायचं दर दोन महिन्यांनी. मी आले तेव्हा त्याचे सत्तर हजार वाचक होते, आणि तरीही ते आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या लहानशा गावात, मोज्यांच्या बंद पडलेल्या गिरणीच्या दुसऱ्या मजल्यावरच निघत होतं. फळ्यांच्या फटींतून अजून सुताचा भुगा निघायचा. अर्ध्या मजल्यावर आमची टेबलं, अर्ध्यावर स्वयंपाकघर, मध्ये भिंत नाही. त्यामुळे मुद्रितं तपासायची ती कसल्या ना कसल्या वासात. दालचिनीचा वास आला की मला अजून स्वल्पविराम आठवतात.

मुद्रितं तपासायचं काम माझं. आम्ही ते जोडीने करायचो. एकाने मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने कागदावर पेन्सिल फिरवत बघत जायचं. माझा जोडीदार बहुतेक वेळा ओडेल प्रुइट असायचा, आमचा स्वयंपाकी. बावीस वर्षं नौदलात साडेतीनशे माणसांचं रांधलेला हा गृहस्थ आमच्याकडे चार माणसांच्या पाककृती करताना चमचे मोजायला वैतागायचा.

"अर्धा चमचा जिरं!" तो म्हणायचा. "थीडा पोरी, बोटीवर अर्धा चमचा जिरं माझ्या मिशीला लागलेलं असायचं."

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात एक दिवस ग्लेन मोयर जिना चढून धापा टाकत आला. ग्लेन जाहिराती आणायचा. त्याआधीच्या वर्षी सरकारने नियम सैल केले होते आणि टीव्हीवर गोळ्यांच्या जाहिरातींचा पूर आला होता. आता त्या आमच्यासारख्या मासिकांकडे वळल्या होत्या.

"तीन पानं, व्हर्ना! तीन, आणि वर्षभर प्रत्येक अंकात."

"कसली?" व्हर्ना पावाची कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही.

"कोलेस्टेरॉलच्या गोळीची."

"अस्सं. आणि ती मी आठवडाभर वापरून कशी बघू रे? गिळू?"

"मला द्या," ओडेल चुलीकडून म्हणाला. "माझं कोलेस्टेरॉल नौदलाने सांभाळून वाढवलंय."

ग्लेन हसला नाही. कागद महागला होता, टपाल महागलं होतं, हातजाती करणारे दोघंही धंदा गुंडाळून बसले होते, हे त्याने शांतपणे सांगितलं. व्हर्नाला ते ठाऊक होतं. तिने हात धुतले, पुसले आणि म्हणाली, "घे. पण मला बघायला लावू नकोस."

त्या गोळीचं नाव मी इथे लिहीत नाही. पहिल्या पानावर सूर्यफुलांच्या शेतातून सायकलवर जाणारं पिकल्या केसांचं जोडपं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'ताटात काय वाढायचं ते तुम्ही ठरवा. बाकीचं आमच्यावर सोपवा. आजच तुमच्या डॉक्टरांना विचारा.' पुढची दोन पानं म्हणजे मुंग्यांची रांगच. गोळी कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये, काय काय होऊ शकतं, सगळं बारीक अक्षरांत.

मी पेन्सिल उचलली तर ग्लेनने ती माझ्या हातातून काढून घेतली. "हे वाचायचं नाही, थीडा. छपाईची तयार फिल्म आहे. त्यांच्या वकिलांनी वाचलंय. आपल्याला एक टिंब हलवायचा अधिकार नाही."

आमच्या मासिकात न वाचलेला मजकूर कधी जात नसे. हे मला ठाऊक होतं. पण ती अक्षरं बघून माझे डोळे आधीच दुखायला लागले होते, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तो अंक तसाच गेला. पुढचे दोनही.

ऑगस्टमध्ये ओडेल डॉक्टरकडे गेला तो 'ओटफील्ड'चा अंक काखेत मारून. त्याने सूर्यफुलांचं पान डॉक्टरपुढे ठेवलं, रक्त तपासून घेतलं आणि संध्याकाळी गोळ्यांची बाटली घेऊन आला. "आपलीच जाहिरात, आपलंच गिऱ्हाईक," असं म्हणून त्याने बाटली मिरीच्या डब्याशेजारी ठेवून दिली. रोज सकाळी कॉफीबरोबर एक घ्यायचा.

हिवाळ्याच्या अंकाचं काम आम्ही ऑक्टोबरातच सुरू करायचो. त्या वर्षीचा मुख्य विषय होता ग्रेपफ्रूट, संत्र्याच्या जातीचं ते मोठं कडसर फळ. तो ठरवला ल्यूथर टिस्डेलसाठी. फ्लोरिडात त्याची बाग होती, आणि बारा वर्षं आमच्या शेवटच्या पानावर त्याची छोटी जाहिरात असायची: फळं पेटीने घरपोच. व्हर्नाची आणि त्याची ओळख सगळी पत्रांतली आणि फोनवरची. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण दर शुक्रवारी दुपारी तिचा फोन अर्धा तास लागायचा नाही, आणि तेव्हा तिला कोणी हाक मारायची नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी थंडीने त्याचं नुकसान झालं होतं. व्हर्ना म्हणाली, सोळा पानं ग्रेपफ्रूटला देऊ.

पेट्यांवर पेट्या आल्या. सगळा मजला त्या कडसर गोड वासाने भरून गेला. ओडेल रोज पाककृती करून बघायचा: ग्रेपफ्रूट मधात भाजून, बडीशेपेच्या कोवळ्या गड्ड्याबरोबर कापून, माशावर पिळून. उरलेला रस पेल्याने प्यायचा, कारण टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तीन आठवडे असं चाललं.

मग तो जिना चढताना थांबायला लागला. आधी म्हणाला, हवा बदलली. मग म्हणाला, वय झालं. एका मंगळवारी भांडं उचलताना त्याच्या मांड्या इतक्या दुखल्या की त्याने ते परत खाली ठेवलं. व्हर्नाने त्याच्या हातातला झारा काढून घेतला. "जा, थीडासमोर खुर्चीवर बस. आज फक्त वाच."

बसलो. पाककृती संपल्या, पत्रं संपली, तरी दुपार बरीच उरली होती. टेबलावर गोळीच्या पानांची प्रत पडली होती.

"ही वाचू या का?" मी गमतीने म्हटलं. "अंकातली सगळ्यात लांब गोष्ट हीच आहे."

"वाच. नायक मरत असेल तर आधी सांग."

मी वाचत गेले. गरोदर बायका, यकृताचे आजार, स्वल्पविराम, पूर्णविराम. ओडेल पेन्सिल फिरवत होता. मग मी वाचलं, "ग्रेपफ्रूट किंवा ग्रेपफ्रूटचा रस मोठ्या प्रमाणात घेतल्यास औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, पूर्णविराम. स्नायू दुखणे, स्वल्पविराम, अशक्तपणा, स्वल्पविराम, किंवा लघवीचा रंग गडद होणे, स्वल्पविराम..."

पेन्सिल थांबली होती.

"परत वाच," ओडेल म्हणाला.

मी परत वाचलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "पोरी, चार दिवस मला लघवी चहासारखी होतेय. मी समजलो, पाणी कमी पितोय."

व्हर्नाने गाडीची किल्ली घेतली. अंगावरचा एप्रनही काढला नाही. इस्पितळात ओडेल पाच दिवस होता. डॉक्टर म्हणाले, स्नायू झिजून मूत्रपिंडांत साचत होते, आणखी आठवडाभर तसंच चाललं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. गोळी बंद, सलाइन चालू. तो बरा झाला. मी रोज संध्याकाळी त्याच्या पलंगाशी जायची आणि हवापाण्याचं बोलून परत यायची. तीन अंकांत ते वाक्य माझ्या टेबलावरून गेलं होतं. शेवटी तिसऱ्या दिवशी मी रडत रडत ते बोलून टाकलं.

"आणि मी?" ओडेल म्हणाला. "बाटलीसोबत तोच कागद घडी घालून दिला होता. मी त्याचा टेकू करून डगमगणारं टेबल नीट केलं. तू कशाला रडतेस?"

इकडे व्हर्ना ग्रेपफ्रूटच्या पहिल्या पानावर चौकट आखत होती. मजकूर तिने अकरा वेळा बदलला. शेवटी एवढाच राहिला: 'तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेत असाल तर ही पानं उलटण्याआधी डॉक्टरांना फोन करा. काही गोळ्यांबरोबर हे फळ चालत नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या एका माणसाला याचा त्रास झाला. तो आता बरा आहे.' आणि ठळक, मोठ्या अक्षरांत.

"ते जाहिरात काढून घेतील," ग्लेन म्हणाला. "करारात आहे, व्हर्ना. आपल्या मजकुराने त्यांचं नुकसान झालं तर ते मोकळे. तीन पानं गेली तर उन्हाळ्यापर्यंत आपण नाही."

"मग उन्हाळ्यापर्यंत नाही."

"जरा बारीक छाप ना निदान! कोपऱ्यात."

व्हर्नाने चौकटीची रेघ आणखी जाड केली. मग, हे ग्लेनचं मला आवडलं, त्याने स्वतः कंपनीला फोन करून चौकटीचा मजकूर वाचून दाखवला.

दोन दिवसांनी उत्तर आलं. हरकत नाही. मजकूर आमच्या माहितीशी जुळतो. वाचकांची काळजी घेणाऱ्या मासिकाशी जोडलेले असल्याचा आनंद आहे. पुढच्या वर्षी चार पानं घेऊ.

ग्लेनने कागद दोनदा वाचला आणि खुर्चीवर बसून हसत सुटला. व्हर्ना हसली नाही. तिच्या मनात कंपनी नव्हतीच. ती शुक्रवारची वाट बघत होती.

शुक्रवारी तिने ल्यूथरला सगळं सांगितलं. त्या दिवशी फोन अर्धा तास चालला नाही, चार मिनिटांत संपला. तिने फोन ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली.

"म्हणाला, माझ्या फळावर उंदराच्या विषासारखी पाटी लावलीस," ती म्हणाली. "म्हणाला, गोळी त्यांची, आणि बदनाम झाडं माझी."

आणि यात खोटं काय होतं? कंपनीच्या पानावर सूर्यफुलं होती. इशारा त्याच्या फळावर छापला जाणार होता.

अंक निघाला. शेवटच्या पानावरची ती छोटी जाहिरात त्यात नव्हती. त्याने काढून घेतली होती. दोन आठवड्यांत वाचकांची दोनशे बारा पत्रं आली. कोणाची आई, कोणाचा भाऊ, कोणी स्वतः. रोज सकाळी अर्धं ग्रेपफ्रूट आणि एक गोळी. आयोवाच्या एका बाईने लिहिलं, 'नवऱ्याचे पाय का दुखतात हे आम्हाला आता कळलं.' ओडेल घरून परतला होता. पाय स्टुलावर ठेवून तो पत्रं वाचून दाखवायचा आणि व्हर्ना प्रत्येकाला हाताने उत्तर लिहायची.

फेब्रुवारीत, आयुष्यात पहिल्यांदा, तिने आठ दिवसांची रजा टाकली आणि बसने फ्लोरिडाला गेली. सोबत काही नेलं नाही, फक्त त्या पत्रांतली चाळीसेक निवडून नेली. परत आली ती उन्हाने सोललेलं नाक घेऊन. आम्ही तिच्याभोवती गोळा झालो.

"काय म्हणाला?" ओडेलने विचारलं.

"म्हणाला, चौकट खरी आहे पण अक्षरं फार मोठी आहेत."

"मग तू?"

"मी म्हटलं, बारीक अक्षरांत ती आधी होतीच की."

"आणि तो?"

व्हर्नाने कोट खुंटीला अडकवला. "मग पत्रं मागून घेतली आणि सगळी वाचली, चष्मा नाकावर आणून. कॉफी फार वाईट करतो."

"आठ दिवस वाईट कॉफी प्यालीस म्हण की!" ओडेल म्हणाला, आणि व्हर्ना लाजली. साठीची बाई, मी तिला लाजताना तेवढं एकदाच पाहिलं.

जाहिरात त्याने पुन्हा दिली नाही. शुक्रवारचे फोन मात्र सुरू झाले.

पुढच्या वर्षांत गोळ्यांची पानं वाढतच गेली: सांध्यांची, झोपेची, पित्ताची. ती सगळी बारीक अक्षरं मी आणि ओडेलने शब्द न शब्द वाचली, कोणी सांगितलेलं नसताना. कधी कधी डाळीच्या आमटीचं एक पान आणि गोळ्यांची सहा, असा अंक निघायचा. व्हर्नाला ते बघवेना. दोन हजार तीनमध्ये तिने मासिक विकलं. नव्या मालकांनी ते न्यूयॉर्कला नेलं. तिथे स्वयंपाकघर नव्हतं. पाककृती बाहेरून यायच्या. मी वर्षभर तिथे काम केलं, एका पडद्यासमोर, एकटीने, मनातल्या मनात वाचत. मग सोडलं.

ओडेल त्यानंतर बारा वर्षं जगला, चर्चच्या जेवणावळी रांधत. गिरणीत आता लोक राहतात. मागच्या महिन्यात तिथून जात होते तर आमच्या मजल्याची एक खिडकी उघडी होती आणि आत कोणीतरी कांदा परतत होतं. मी फुटपाथवर थांबले. मागून येणाऱ्या बाईने विचारलं, "काही हवंय का?" मी म्हटलं, "नाही, नाही, जरा वास घेतेय." ती हसली आणि माझ्या शेजारी क्षणभर थांबून तीही वास घेऊन गेली.