वाघाचं साल

"अरे नेस्टर, मांडी आहे का ओंडका? सरक तिकडे!" पिलजूने कोपराने ढोसलं.

"सरकू कुठे? तुझ्या पोटात?" नेस्टर म्हणाला, आणि गाडीत हशा पिकला.

सात पुरुष, सात फुगीर कोट, किमचीच्या लोणच्याचे डबे, सोजू दारूची खोकी, आणि या सगळ्यावर पिलजूच्या सासूने बळेबळे दिलेली मुळ्यांची पिशवी. कोरियातलं वोंजू शहर सोडून गाडी डोंगराला लागली तोवर मागच्या सगळ्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. पुढच्या सीटवर ग्वांगहो तेवढा ऐसपैस बसला होता. मंडळाचा अध्यक्ष तो, त्याला जागा लागतेच.

मंडळ वाघांचं होतं. सगळे चौऱ्याहत्तर सालचे, बारा जनावरांच्या चक्रातल्या वाघाच्या वर्षात जन्मलेले. वर्षाने मोठा तो दादा, त्याच्यापुढे मान खाली. वर्षाने लहान तो धाकटा, त्याच्यापुढे आब राखायचा. जन्मभर हे असं वर बघून आणि खाली बघून मान अवघडते माणसाची. मोकळं व्हायचं, शिवी द्यायची, रडायचं, ते फक्त आपल्याच सालच्या माणसासमोर. म्हणून तर हे सात जण दर हिवाळ्यात घरदार सोडून स्कीच्या डोंगरावर यायचे. स्की कुणालाच धड येत नव्हती.

सातांतला नेस्टर तेवढा परका. फिलिपिन्सचा. वोंजूच्या एका धुलाई कारखान्यात हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या यंत्रांची देखभाल करायचा. ग्वांगहो आणि सांगचुल यांच्या वर्गातल्या मीरानशी त्याने लग्न केलं, आणि वाघाच्या सालचा जावई म्हणून मंडळाने त्याला उचलून घेतला. मीरान चार वर्षांपूर्वी गेली. पोटातला कर्करोग. मुलगी बुसानला नोकरी करते, सणासुदीला फोन करते, बापाची भाषा तिला येत नाही आणि बापाची कोरियन ऐकून तिला लाज वाटते. तेव्हा घर म्हणाल, नातं म्हणाल, मेल्यावर खांदा द्यायला येईल असं माणूस म्हणाल, तर नेस्टरला हे सहा जण होते. सातवं कुणी नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर नेस्टर वाघ नव्हता. तो शहात्तरचा. ड्रॅगनच्या सालचा.

ही करामत मीरानची. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. जावई परदेशी, काळासावळा, आणि वर धाकटा! तिच्या आईला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. "कुणी विचारलं तर चौऱ्याहत्तर सांग हं," ती म्हणाली होती. "माझ्याच सालचा. काय बिघडतंय?" तेव्हा काहीच बिघडत नव्हतं. त्याने सांगितलं. मग ग्वांगहोने पाठीवर थाप मारली, पिलजूने पहिली शिवी दिली, सांगचुलने गळ्यात हात टाकला. त्या हाताखालून पुन्हा बाहेर पडावं असं नेस्टरला कधी वाटलंच नाही. मीरान गेल्यावर तर नाहीच नाही.

डोंगरावर बर्फ कमी आणि माणसं जास्त. वर जाणाऱ्या पाळण्यांसाठीची रांग पार खाली गाड्या उभ्या करतात तिथपर्यंत आलेली. पोरंटोरं, कॉलेजची टोळकी, कुणाच्या तरी कंपनीची अख्खी कचेरी. भाड्याचे बूट कुणाला घट्ट, कुणाला ढगळ. पिलजू रांगेतच दोनदा आडवा झाला.

"उठ रे म्हाताऱ्या," नेस्टर म्हणाला, "अजून डोंगर यायचाय."

"म्हातारा म्हणे! तू काय कोवळा आहेस? एकाच साली फुटलोय आपण!"

नेस्टर हसला. असल्या वेळी तो नेहमीच जरा जास्त मोठ्याने हसायचा.

वरून खाली बघितलं तर पांढरं काही दिसेना. नुसती रंगीबेरंगी माणसं घसरत होती, धडपडत होती, एकमेकांच्या अंगावर जात होती. सांगचुल नेस्टरच्या शेजारी उभा होता. चष्म्यावर वाफ धरलेली, नाक लाल. "मी पुढे, तू मागे," तो म्हणाला. "पडलास तर माझ्यावर पड. माझ्यात मऊ भाग जास्त आहे."

पडायची वेळ आली तेव्हा सांगचुल बराच पुढे गेला होता. मागून कुठलासा पोरगा स्नोबोर्डच्या फळीवर उभा, भरधाव आला, ओरडला, आणि नेस्टरच्या कमरेत घुसला. आभाळ खाली, बर्फ वर. डोकं कशावर तरी आपटलं.

शुद्धीवर आला तेव्हा तो खालच्या प्रथमोपचाराच्या खोलीत पडला होता. मनगट बांधलेलं. लाल जाकीट घातलेला गस्तीवाला त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारत होता. पलीकडे ग्वांगहो, पिलजू आणि सांगचुल, तिघे बुटांसकट आत घुसलेले. बाकीचे तिघे अजून डोंगरावर कुठेतरी रांगेत अडकले होते.

"नाव काय?" गस्तीवाल्याने विचारलं.

"नेस्टर."

"आत्ता कुठे आहात?"

"डोंगरावर... स्कीला आलोय."

"जन्मसाल?"

"शहात्तर."

डोकं गरगरत होतं. शब्द निघून गेल्यावर त्याला कळलं काय निघालं ते.

"चौऱ्याहत्तर!" तिघे एकदम ओरडले.

"शहात्तर म्हणाले ते."

"अहो, आम्ही सांगतो ना! वाघ आहे तो, आमच्यातला! अध्यक्ष आहे मी मंडळाचा!" ग्वांगहो पुढे सरसावला. "नेस्टर, नीट आठव. साल कोणतं?"

गस्तीवाल्याने बॅटरी बंद केली. चेहरा गंभीर झाला. "स्वतःचं जन्मसाल चुकतंय म्हणजे लक्षण बरं नाही. डोक्यात आत मार असू शकतो. रुग्णवाहिका बोलावतो. घरचं कोण आहे?"

आणि सांगचुल मटकन खाली बसला.

त्याचा बाप असाच गेला होता. बर्फावरून घसरला, उठला, कपडे झटकले, सूप प्यायला, आणि सुनेचं नाव विसरला. सगळे हसले होते तेव्हा. संध्याकाळपर्यंत म्हातारा संपला. नेस्टरला हे ठाऊक होतं, सांगचुलनेच सांगितलं होतं त्याला.

"नको रे," सांगचुल त्याचा धड हात दोन्ही हातांत धरून म्हणाला. चष्म्यातून पाणी गालांवर ओघळत होतं, पुसायचंही भान नव्हतं. "नको रे असं करूस. वाघ म्हण. एकदा वाघ म्हण, नेस्टर. मी तुझ्या पोरीला काय सांगू? मीरानला काय तोंड दाखवू?"

म्हणायला काय हरकत होती? चौऱ्याहत्तर म्हटलं असतं तर गस्तीवाला म्हणाला असता, ठीक, बघू अर्धा तास. पण मग सांगचुलने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नसता. दर घटकेला साल विचारलं असतं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांसमोर बाप आला असता. पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा रडत होता, आणि नेस्टरला ते सोसवेना. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी असं कुणी रडलं नव्हतं.

"रडू नकोस," तो म्हणाला. "डोकं ठिकाणावर आहे माझं. सालच शहात्तर आहे. आधीपासून."

"आधीपासून म्हणजे?" पिलजूने विचारलं.

"मीरान मोठी होती माझ्यापेक्षा. गावात नाक कापलं जाईल म्हणून तिने... मी ड्रॅगनच्या सालचा आहे."

बाहेर कर्ण्यावरून कुणाच्या तरी हरवलेल्या मुलीचं नाव पुकारत होते. सांगचुलने हात सोडला. झटकला नाही, हळूच सोडला. मग चष्मा काढून पुसला, चेहरा पुसला, उठून उभा राहिला आणि भिंतीकडे बघत राहिला.

गस्तीवाला बिचारा तरुण होता. त्याला वाटलं आनंदाची बातमी आहे. "मग काही काळजी नाही!" तो म्हणाला. "मनगट मुरगळलंय फक्त."

मुक्कामाच्या खोलीकडे जाताना ग्वांगहो आणि पिलजू पुढे निघून गेले. सांगचुल मागे राहिला, पण शेजारी नाही, दोन हात अंतर ठेवून.

"मीरान असताना समजू शकतो," तो शेवटी म्हणाला. "ती गेल्यावर का नाही बोललास?"

"ती गेल्यावर तुम्हीच उरला होतात."

"दुकान बुडालं तेव्हा तुझ्या घरी आलो होतो मी. आठवतं? बायकोला कळू दिलं नाही, सख्ख्या भावाला कळू दिलं नाही. तुझ्याकडे येऊन जमिनीवर लोळून रडलो. आणि आज पुन्हा." "धाकट्यासमोर रडलो मी."

"माझ्यासमोर रडलास. मी तोच आहे ना?"

"तोच कसा?" सांगचुल म्हणाला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

खोली एकच, जमीन खालून तापवलेली, सात गाद्या भिंतीशी रचलेल्या. डोंगरावरचे तिघे आले तोवर बातमी त्यांनाही कळली होती. सगळे हसले. हसण्याला काय जातं?

"ड्रॅगन! म्हणजे आमच्यापेक्षा भारी जनावर की!" एक जण म्हणाला.

"इतकी वर्षं दादांना शिव्या घातल्यास लेका," दुसरा म्हणाला, "देव बघून घेईल."

ग्वांगहोने हात वर केला. "झालं गेलं. वय काय, आकडा आहे. आपलाच आहे तो. धाकटा भाऊ म्हणून राहील, काय?"

"हो," नेस्टर म्हणाला.

"हो दादा," ग्वांगहोने हसत दुरुस्त केलं.

"हो, दादा."

पुन्हा सगळे हसले. नेस्टरला वाटलं, निभावलं. मग मधोमध शेगडी मांडली गेली, डुकराचं मांस आलं, आणि ग्वांगहोने सवयीने चिमटा आणि कात्री उचलली, इकडेतिकडे बघितलं आणि नेस्टरच्या पुढे ठेवली. मांस धाकट्याने भाजायचं असतं. इतकी वर्षं ही मंडळी कोण भाजणार यावरून भांडायची, नाणं उडवायची. आज भांडायचं कारणच उरलं नाही. नेस्टर बांधलेल्या मनगटाने भाजत राहिला, कापत राहिला, प्रत्येकाच्या ताटलीत वाढत राहिला.

"दुखतंय का हात?" पिलजूने विचारलं.

"थोडा."

"सावकाश कर मग. घाई नाही." किती मायेने बोलला! सकाळचा पिलजू असता तर म्हणाला असता, हात मोडलाय, तोंड तर शाबूत आहे ना. नेस्टर वाट बघत होता तो असलं काही बोलेल म्हणून. पिलजूने मुळ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि दुसरीकडे वळला.

बोलणं साठीवर आलं. साठी सगळ्यांची एकाच वर्षी, सगळे मिळून जेजू बेटावर जायचं हा बेत जुनाच. नेस्टरच त्यात सगळ्यात उत्साही असायचा, समुद्राकाठी कुठे राहायचं ते त्यानेच शोधून ठेवलं होतं.

"सहा जण म्हणजे एकच गाडी पुरेल," कुणीतरी म्हणालं.

"पुरेल की. ऐसपैस."

यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. साठी ज्यांची त्यांची. नेस्टरने मांस उलटलं. धुराने डोळ्यांत पाणी आलं असं म्हणायची सोय होती, पण कुणी विचारलंच नाही.

सोजू त्यानेच भरली. दोन्ही हातांनी, दुखरं मनगट बाटलीखाली धरून, आधी ग्वांगहोला, मग एकेकाला, शेवटी सांगचुलला. "घ्या, दादा," तो म्हणाला. इतरांना म्हणताना जीभ वळली होती, इथे अडखळली. सांगचुलने पेला एका हाताने पुढे केला, भरून घेतला, मान हलवली. धाकट्याकडून घेतात तसाच घेतला. मग बाटली उचलून नेस्टरचाही पेला भरला, काठोकाठ, चांगल्या मनाने.

"वाघांच्या नावानं!" ग्वांगहो म्हणाला. पेले भिडले. नेस्टरने आपला पेला सगळ्यांच्या पेल्यांच्या खाली लावला.

दादांच्या देखत प्यायचं तर तोंड बाजूला वळवून प्यायचं. कारखान्यातली पोरं त्याच्यासमोर तशीच पितात. नेस्टर वळला, पेल्यावर हात आडवा धरला आणि प्यायला. त्याच्या बाजूला खिडकी होती. खाली डोंगरावर दिवे लागले होते आणि माणसं अजून घसरत होती, पडत होती, एकमेकांना धरून उठत होती.

पेला रिकामा झाला. मागे पिलजूने कुणाला तरी कचकचीत शिवी हासडली, आणि सगळे खदखदून हसले. नेस्टर तसाच बसून राहिला, खिडकीकडे तोंड करून. कुणीतरी म्हणेल, अरे, सरळ बस ना, आपल्यात कसलं आलंय हे. मान अवघडली तरी तो वळला नाही. मग सांगचुलचा आवाज आला, नेहमीसारखाच मऊ.

"धाकट्या, मांस करपतंय बघ."

"हो, दादा," नेस्टर म्हणाला, आणि चिमटा उचलला.