खड्ड्यावरची पावलं

धाकटा दीर कुदळ घेऊन आला, तशी वहिनी खड्ड्यावर जाऊन बसली. तो म्हणाला, गाईचं पोट पाठीला लागलंय आणि चारा मातीत पुरलाय, मुंग्यांसाठी ठेवलाय का? खड्डा उघडायचा नसेल तर उद्या व्यापाऱ्याला बोलावतो. ती जागची उठली नाही. आम्ही शेजारी खाली मान घालून उभे.

आम्ही हसलो होतो ना तेव्हा. मुरघास शिकवायला मास्तर आले, म्हणाले, हिरवा मका बारीक कापा, थराथरानं तुडवा, आत वारा राहू देऊ नका, वर प्लास्टिकचा कागद घाला आणि मातीनं लिंपा. गुरांचं लोणचं म्हणून आम्ही थट्टा केली. ऐकलं फक्त वहिनीच्या नवऱ्यानं. तिला म्हणाला, तू कापून दे, तुडवणं माझं. दोन दिवस तुडवलं, वरची माती अनवाणी दाबली. महिन्याभरात तो गेला. त्याची पावलं मातीत वाळून राहिली. वहिनीनं त्यांवर पोती अंथरली.

मास्तरांना निरोप गेला. ते आले, तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, सगळा उघडायचा नसतोच. एका कडेनं रोज वीतभर कापायचं, बाकीचं झाकलेलं.

"आणि पावलं?" वहिनीनं विचारलं.

"दोन दिवसाला एक जाईल, ताई. उन्हाळाभर पुरतील."

तिनं दिराच्या हातून कुदळ घेतली. आंबूस गोड वास सुटला. गाईनं आधी हुंगलं, मग टोपलीच चाटून काढली. व्यापारी आल्या पावली परत गेला.

रोज वीतभर कापत ती शेवटच्या कोपऱ्याशी पोचली. तिथं लिंपलेल्या मातीवर वजन म्हणून दगड रचलेले. ते काढले, तर खाली पाऊल नव्हतं. उठताना टेकलेला हाताचा एक पंजा होता. त्याखालचा चारा काळा पडलेला, बुरशीचा.

बघायला आलेले मास्तर म्हणाले, "हा गाईला घालू नका. इथं तुडवलं गेलं नाही."

वहिनीनं त्या पंजात आपला हात ठेवला. बराच वेळ.

"दम लागला होता त्यांना," ती म्हणाली. "मी हाक मारली, तर म्हणाले, झालंच, आलो."

काळा चारा तिनं स्वतः उकिरड्यावर नेला.

यंदा मका कापायला आम्ही सगळे होतो. तुडवायला मात्र तिनं कुणाला उतरू दिलं नाही. सुरुवात केली ती त्या कोपऱ्यापासून.