नाथाजी हवालदारांचा कलश

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं तर कदाचित हातही लावणार नाही. मी एक जुना, हिरवट पडलेला तांब्याचा कलश आहे. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात, गोठ्यातल्या खुंटीवर मी टांगलेला असतो. ज्या भांड्यातून अस्थी नेल्या, ते भांडं या घरात पुन्हा आत घेत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला खंत आहे ती वेगळीच, आणि ती सांगावी म्हणूनच आज बोलतो आहे.

माझा जन्म साताऱ्यात, एका म्हाताऱ्या तांबटाच्या हातून झाला. पत्रा तापवून, ठोकून ठोकून त्याने मला पोट दिलं, गळा दिला आणि वर घट्ट बसणारं झाकण दिलं. पण त्या दिवसांत लोकांना स्टीलच्या भांड्यांचं वेड लागलं होतं. दुकानात येणारी माणसं माझ्याकडे बघायची आणि पुढे जायची. असा मी तीन वर्षं फळीवर धूळ खात बसलो होतो.

१९७४ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. एक उंच, ताठ कण्याचे गृहस्थ दुकानात आले. मिशा पांढऱ्या, पायांत पलटणीतले जुने बूट. हे नाथाजी हवालदार. फौजेतून निवृत्त होऊन ते आता ऊस करत होते. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी चंद्राबाई पिशवी धरून उभ्या होत्या.

"झाकणाचा कलश दावा. अस्थी ठेवायला," हवालदार म्हणाले.

"कोण गेलं वो?" तांबटाने आवाज खाली आणून विचारलं.

"कोण बी न्हाई. मलाच लागणार हाय."

तांबटाच्या हातातली हातोडी तशीच राहिली. हवालदार हसले. "त्यात काय एवढं? पलटणीत लय जणांचं बघितलंय म्या. ऐन येळेला काय मिळंल त्या डबड्यात भरत्यात. माझं तसं नगं. सगळं आधीच तयार पायजे."

तांबटाने मला फळीवरून काढून पुसलं. मग त्याने धंद्याच्या सवयीनेच विचारलं, "एकच देऊ का दोन?"

"एकच. आमच्या मंडळींचं पोरगं बघंल."

चंद्राबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

माझ्या पोटावर तिथेच नाव कोरून झालं : हव. नाथाजी बाबाजी शेडगे. खोटं कशाला सांगू, मला फार अभिमान वाटला. मी कुणाचा तरी झालो होतो.

घरी आल्यावर माझा थाट सुरू झाला. माजघरातल्या कोनाड्यात मला जागा मिळाली. पाहुणा आला की हवालदार मला खाली काढत आणि सगळी व्यवस्था सांगत. चितेसाठी आंब्याचं लाकूड फोडून छपराखाली रचलं होतं. खांदा कुणी द्यायचा, सावडायला कुणी जायचं, तिसऱ्या दिवशी किती वाजता निघून माहुलीच्या संगमावर पोचायचं, हे सगळं त्यांनी एका वहीत लिहून ठेवलं होतं. गावातली माणसं म्हणायची, "हवालदाराचं मरण बी कवायतीवाणी!" आणि हवालदार खूश होत.

मला घासायचं काम चंद्राबाईंचं. दर सोमवारी चिंच आणि राख घेऊन त्या परसात बसत. भोवती कुणी नसलं की माझ्याशी बोलत. मित्रांनो, भांड्याशी बोलणाऱ्या माणसाला घरात दुसरं कुणी ऐकणारं नसतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

"तुझं बरं हाय बाबा," एकदा त्या म्हणाल्या. "कुठं जायाचं ते तुला ठावं हाय. मला कुणी इचारलं तर मी सांगंन. मेढ्याच्या अलीकडं आमच्या गावाला वेण्णा नदी हाय. पोरीपणी तिथं धुणं धुवायला जायचो. तिथं सोडा म्हणंन मला. सारा जलम सासरी काढला, मेल्यावर तरी माहेराला जाऊ द्या."

एका संध्याकाळी त्यांनी धीर केला. हवालदार ओट्यावर वहीत काहीतरी लिहीत होते.

"आवं, माझं बी एक लिवून घ्या की."

"तुझं कशाला?" हवालदारांनी मान वर न करता विचारलं. "तू लय वर्सं जगणार हाईस. आधी नंबर माझा."

ते प्रेमानेच म्हणाले होते. चंद्राबाई हसल्या, "बरं," म्हणाल्या आणि चूल पेटवायला आत गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

१९७७च्या माघात चंद्राबाईंना ताप भरला. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पाणी मागितलं. हवालदार पाणी घेऊन आले तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

हवालदार रडले नाहीत. त्यांनी वही काढली. स्वतःसाठी लिहिलेलं सगळं त्यांनी जसंच्या तसं बायकोसाठी केलं. छपराखालचं आंब्याचं लाकूड निघालं. कोनाड्यातून मीही निघालो. सावडल्यावर मुलाने, नानासोने, आईच्या अस्थी माझ्यात ठेवल्या. त्या अजून कोमट होत्या. आत चंद्राबाई होत्या आणि वर नाव मात्र हवालदारांचं होतं.

नानासो म्हणाला, "आबा, सांगलीच्या मावशीला तार केलीया. ती आज सांजच्या गाडीनं येईल. तिला एकदा अस्थींचं दर्शन हुंदे. उद्या जाऊ संगमावर."

"तिसरा दिवस म्हंजे तिसरा दिवस," हवालदार म्हणाले. "वहीत काय लिवलंय? अकराला निघायचं. चला."

मित्रांनो, त्या घटकेला मला वाचा असती तर! मी ओरडून सांगितलं असतं, थांबा, या बाईंना दुसरीकडे जायचं आहे. पण तांब्याला आवाज फुटतो तो कुणी वाजवलं तरच. नानासोच्या हातांत मी गप्प राहिलो. माहुलीला हवालदारांनी स्वतः झाकण काढलं आणि मला पाण्यावर पालथं केलं. एका क्षणात मी रिकामा झालो.

संध्याकाळी अंबूबाई आल्या. चंद्राबाईंच्या त्या धाकट्या बहीण. त्यांनी गोठ्यालगतच्या ओट्यावर हवालदारांसमोर बसून आधी भरपूर रडून घेतलं. मग पदराने डोळे पुसत विचारलं, "दाजी, अस्थी कुठं ठेवल्याती? मेढ्याकडं कवा न्यायच्या?"

"मेढ्याकडं?"

"व्हय. आक्का म्हणत हुती न्हवं, मला वेण्णंत सोडा म्हणून? तुमाला बोलली नव्हती?"

हवालदार म्हणाले, "संगमावर सोडल्या आज. तिथं वेण्णाबी येतीच की, अंबू."

"येती की," अंबूबाई म्हणाल्या. "पर पाणी खाली वाहतंय, दाजी. आक्काला वर जायाचं हुतं."

हवालदार उठले आणि गोठ्यात आले. तिथे नानासोने मला नुकतंच टांगलं होतं. माझ्या शेजारी भिंतीला डोकं टेकून ते रडले. पलटणीतला तो ताठ कणा मी पहिल्यांदाच वाकलेला पाहिला. "म्हणत हुती गं, लिवून घ्या म्हणून," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पुढच्या महिन्यात ते मला पिशवीत घालून एसटीने एकटेच मेढ्याच्या बाजूला गेले. चंद्राबाईंचं माहेरचं घर आता उरलं नव्हतं. ते नदीवर आले, माझं झाकण काढलं आणि मला पालथं केलं. माझ्यातून काहीच पडलं नाही. पडणार तरी काय होतं?

धुणं धुणाऱ्या एका बाईने विचारलं, "पावणं, कुणाकडं आलाय?"

"चंद्राच्या माहेराला."

"कंची चंद्रा वो?"

हवालदारांनी सासऱ्याचं नाव सांगितलं. बाईला काही उमगलं नाही. "आणखी काय खूण सांगाल तिची?" तिने विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं बालपण कसं गेलं, हे हवालदारांनी कधी विचारलंच नव्हतं. शेवटच्या गाडीने आम्ही परत आलो.

त्यानंतर मला कुणी पाहुण्यांना दाखवलं नाही. वही त्यांनी चुलीत घातली. १९७९च्या श्रावणात ते ओट्यावरच्या खाटेला खिळले तेव्हा नानासोने विचारलं, "आबा, तुमाला मेढ्याला न्हिऊ का, आईच्या गावाला?"

"नगं. संगमावरच न्हे. तिच्या मनाइरुद्ध तिला तिथं सोडलंय म्या. आता तिथं एकटी नगं ठेवाय." मग त्यांनी सुनेला जवळ बोलावलं. "पोरी, तुजं काय? तुला कुठं जायाचं ते नान्याला सांगून ठेव."

"आबा, काय अभद्र बोलताय!" नानासो ओरडला.

"गप ऱ्हा तू. तिला बोलू दे."

सून पदराशी चाळा करू लागली. मग खाली बघत म्हणाली, "माझं मरणाचं काय न्हाई, मामंजी. पर जित्तेपणी एकदा समुद्र बघायचा हाय."

नानासो तिच्याकडे बघतच राहिला. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्याला हे ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांनी हवालदार माझ्यातून संगमावर गेले. त्याला आता बरीच वर्षं झाली. मित्रांनो, मला घासा, पुसा असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात जी आई, आजी किंवा आत्या कधी काही मागत नाही, तिच्याजवळ आज जाऊन बसा. तिला काय हवं आहे ते विचारा, आणि ती "काही नाही" म्हणाली तर लगेच उठू नका.