कॅप्टन थॅचरची डुकरं

सुभेदार गुरुनाथ शेलार फौजेतून निवृत्त झाले, गावचे सरपंच झाले आणि दहा वर्षांनी त्याच गावाने त्यांना पाडलं. पडल्याचं एवढं दुःख नव्हतं. पण पुढच्या ग्रामसभेत नवा सरपंच नकुल म्हणाला, "सुभेदारांना कोंडवाडा द्या, मोकाट गुरांना शिस्त लावतील," आणि सगळी सभा खदखदून हसली. या नकुलला विहिरीत पोहायला त्यांनीच शिकवलं होतं. गाव करी ते राव काय करी! सुभेदारांनी बॅग भरली आणि मुलाकडे, थेट मॅसॅच्युसेट्समधलं श्रूजबरी गाठलं. आता कायमचा इथेच, असं जाहीरही करून टाकलं. सुशांत खुशीत वडिलांच्या ग्रीन कार्डाच्या मागे लागला.

सुभेदारांना मात्र दिवस खायला उठे. दुपारी ते चालत जुन्या दफनभूमीत जात आणि बाकावर बसत. समोर कुणा कॅप्टन थॅचरचा शेवाळलेला दगड होता. कॅप्टन म्हणजे सुभेदारापेक्षा वरचा हुद्दा, मग तो अडीचशे वर्षांपूर्वीचा का असेना. ते रोज कडक सॅल्यूट ठोकत. मेपलची लाल पानं सावकाश गळत राहत, आणि कुठलं गाव, कुठलं साल, याचा विसर पडे.

एकदा सून रेणू त्यांना न्यायला आली. ती इथल्या छोट्या म्युझियमचं काम बघायची.

"बाबा, याची स्टोरी माहितीये? वॉरमध्ये लढला, मग इलेक्शन जिंकून बॉस्टनच्या असेंब्लीत गेला. नंतर हरला, फार बॅडली. तेव्हा इथे डुकरं मोकाट फिरून लोकांचा मका खायची. तर टाउन मीटिंगमध्ये सगळ्यांनी जोक म्हणून याला डुकरांचा इनचार्ज केलं."

कोंडवाड्याची गोष्ट सुभेदारांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती.

"मग? त्यानं काय केलं?"

"ते कुठेच लिहिलेलं नाहीये, बाबा."

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळं होतं. बाकावर सुभेदारांचा डोळा लागला, आणि दगडामागून कॅप्टन आले. विटका निळा कोट, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काठी.

"सुभेदार, बसलात काय? ती कोपऱ्यातली अडवा," ते चक्क मराठीत म्हणाले. त्यात नवल काहीच वाटलं नाही.

दोघे धावले. पाचोळ्यातून एक काळी डुकरीण पिल्लांसह तुरुतुरु पळत होती, पण आवाज कसलाच येत नव्हता. गुडघेही दुखत नव्हते. आजूबाजूच्या खिडक्यांतून माणसं हसत होती. त्यांतले काही चेहरे सुभेदारांच्या आळीतले होते.

"साहेब, हसतायत ते."

"हसू द्या. मका त्यांचाच वाचतोय."

डुकरीण कोंडवाड्यात शिरली. कॅप्टन बाजूला झाले. "कडी तुम्ही घाला."

सुभेदार जागे झाले तेव्हा बाकाचा गार लोखंडी दांडा त्यांच्या मुठीत होता. आणि त्यांना गावाची अशी आठवण आली की डोळे भरून आले. हसणाऱ्यांचीसुद्धा.

सकाळी सुशांतला त्यांनी परतीचं तिकीट काढायला सांगितलं. सुशांत हिरमुसला, पण रेणूने मान डोलावली. मग त्यांनी नकुलला फोन लावला.

"कोंडवाड्याचं दार अजून मोडकंच आहे का रे?"

"आहे की. पण काका, ते आम्ही चेष्टेनं म्हणालो होतो."

"माहीत आहे. दिवाळीआधी पोचतो. सुताराला सांगून ठेव, आणि कडी चांगली जाड आण."



"काका," नकुल हळूच म्हणाला, "सगळ्यात मोकाट बैल आमचाच आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुला फोन केला."